ब्रिंकहोफ मीच

“नवा गडी का रे तू ब्रिंकहोफांचा?” लांबर्टनं बांधावरून विचारलं.

शेणखत पसरणारा माणूस दाताळ्यावर रेलला आणि हसला. “गडी कसला बाबा, ब्रिंकहोफ मीच. बोला, काय काम काढलंत?”

ब्रिंकहोफ तर लांबर्ट स्वतः होता. फ्रेंचांनी त्याला फौजेत ओढून नेलं होतं. रशियातल्या बर्फानं त्याचं नाक आणि कानाच्या पाळ्या खाल्ल्या, मग कैदेत वर्षं गेली. तिथल्या पहारेकऱ्यांना तो एकच पालुपद ऐकवायचा, मी वेस्टफालियाचा ब्रिंकहोफ, मला घरी जायचंय. तेवढ्या एका नावावर तो जगला आणि चालत इथवर आला. आणि हा तांबड्या मिशांचा माणूस त्याच्याच दाताळ्यानं त्याच्याच वावरात खत पसरत होता, आणि वर ब्रिंकहोफ मीच म्हणत होता.

बरं, खोटं तरी कसं म्हणणार त्याला? या मुलखात आडनाव माणसाचं नसतं, शेताचं असतं. टेकाडावरचं शेत म्हणजे ब्रिंकहोफ. जो तिथं नांदेल तो ब्रिंकहोफ. त्या शेताच्या लेकीशी लग्न करून जो जावई येतो, तो आपलं आडनाव बापाच्या दारात सोडून येतो. लांबर्टही तसाच आला होता, केर्स्टिंगांच्या खोपटातून. “पोरीसारखा सासरी निघालास रे,” असं बापानं चिडवलं होतं, तेव्हा तो नुसता हसला होता. गोठाभर गाई आणि त्रीनासारखी बायको मिळत असताना केर्स्टिंग या आडनावाचं काय लोणचं घालायचंय? त्रीनाचा बापही असाच कुठूनतरी आलेला जावई. त्याचं मूळचं आडनाव काय, हे लांबर्टनं म्हाताऱ्याला कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

तांबड्या मिशांचा माणूस त्याच्या नाकाकडे बघून एकदम गंभीर झाला. “रशियाहून आलात वाटतं. मग आधी घरात चला. माझ्या बायकोचा पहिला नवरा तिकडेच गेला होता.”

त्रीना चुलीपाशी ताकाचं सूप ढवळत होती. शेजारी पाळण्यात तान्हं मूल होतं. तिनं वर पाहिलं आणि पळी तिच्या हातात तशीच राहिली. नाक नसलं म्हणून काय झालं, ओळखलं तिनं. लांबर्टला तेवढ्यानंही भरून आलं. आता ही धावत येईल, असं त्या खुळ्याला वाटलं.

ती जागची हलली नाही.

“अगं, हे पाहुणे रशियाहून आलेत,” नवरा म्हणाला. मग लांबर्टकडे वळला. “देवानंच धाडलं तुम्हाला. लांबर्ट गेला असं कुणीतरी येऊन सांगितलं, त्या भरवशावर आमचं लग्न लागलं. पण लोकांची तोंडं कोण धरणार? मढं कुणी पाहिलं, म्हणतात. तो जिवंत असला तर तुझं हे पोर कुणाचं म्हणायचं, असं हिला तोंडावर विचारतात. फार रडते हो ही.”

त्रीनानं पाळण्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच ती बोलली, अगदी सावकाश. “तुम्ही त्याला मेलेला पाहिलात ना?”

लांबर्टला हंबरडा फोडावासा वाटला. मी जिवंत आहे, एवढं म्हणायचा अवकाश, बायको परत, शेत परत. दाराआडून डोकावणारी स्टीना परत. ती तर त्याचीच पोर, तो गेला तेव्हा रांगत होती. पण तेवढं म्हटलं की त्रीना गावात छिनाल ठरणार आणि पाळण्यातलं ते हरामाचं. त्यानं स्टीनाकडे पाहिलं. त्याचं तोंड बघून पोरगी भेदरली आणि धावत जाऊन तांबड्या मिशांच्या माणसाच्या पायाला बिलगली. “बाबा,” म्हणाली त्याला.

“पाहिला,” लांबर्ट म्हणाला. “मीच पुरला त्याला.”

त्रीनानं क्रुसाची खूण केली आणि तोंड फिरवलं. नवऱ्यानं केवढातरी सुस्कारा सोडला. माणूस वाईट नव्हता, आणि तेच लांबर्टला सोसवेना. वाईट असता तर निदान त्याचा गळा तरी धरता आला असता.

“बिचारा,” नवरा म्हणाला. “येत्या रविवारी चर्चमध्ये त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा सांगतो. पण ब्रिंकहोफ म्हणून कशी सांगायची? आमचे पाद्री नवीन, त्यांना वाटेल मीच गचकलो. अगं, त्याचं जन्माचं आडनाव काय होतं गं?”

“आठवत नाही,” त्रीना पाठमोरीच म्हणाली. खरंच विसरली होती, की ते नाव घ्यायची हिंमत होत नव्हती, लांबर्टला कळेना. तो वाट बघत राहिला. ती पुन्हा सूप ढवळू लागली.

“केर्स्टिंग,” शेवटी तोच म्हणाला. कितीतरी वर्षांत त्यानं ते उच्चारलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतल्यासारखं त्याला वाटलं.

“केर्स्टिंग. बरं झालं सांगितलंत, नाहीतर बिचारा बिननावाचाच राहिला असता.” नवरा टेबलाशी बसला. काळ्या पावाचा एक जाड तुकडा कापून त्यानं पाहुण्यापुढे सरकवला आणि दुसरा कापायला घेतला. “खा, संकोच करू नका. आणि तुमचं आडनाव हो काय?”

लांबर्टनं तोंड उघडलं. दोन आडनावं होती त्याच्याकडे. एक समोर बसून पाव कापत होतं. दुसऱ्याची रविवारी मिस्सा होती.