मिशीवाला रोबो
मार्वेची फेरीबोट. होडीचा उरलेला काळा रंग. झुबकेदार मिशा. जपानी रोबो. मितेश लहान असताना, सुटे भाग जोडून केलेल्या त्याच्या रोबोचं डोकं बोटीतून खाडीत पडलं. पोर जेवेना, म्हणून बापाने लाकडाचं कोरलं, मिशा रंगवल्या. पुढे ते रोबो बाजारात यायचेच बंद झाले. वीस वर्षांनी कांदिवलीची मैत्रीण रुचिरा स्वतःकडचं जास्तीचं अस्सल डोकं घेऊन मनोरीला आली. खट्कन बसलं. “झकास!” मितेश ओरडला. “बरा दिसतो,” म्हणत बापाने लाकडी डोकं हळूच खिशात टाकलं. मितेश रोबोकडे बघत राहिला. “बाबा, ते दे इकडं.” “आता कशाला रे?” “याला मी ओळखतच नाय!” मिशीवालं डोकं परत बसलं. “काका, माझ्या रोबोलाही असंच डोकं द्या ना!” रुचिरा म्हणाली. बाप चाकू शोधायला उठला. तिने सोबत आणलेल्या रोबोच्या खोक्यावर ‘राजकन्या’ छापलेलं होतं.