तीन नंबरची लिंक

“बघ, परत बाहेर काढलं मला तुझ्या साइटनं!” सगुणाबाईंनी फोन सुनेच्या पुढ्यात धरला.

अमिषाने कपाळाला हात लावला. नागावच्या त्यांच्या होमस्टेची साइट तिने एकटीने, सहा महिने खपून बनवली होती. दिसायला अशी झोकात की बघत राहावं! “मम्मी, फोनचं मागे जायचं बटण नाही दाबायचं. साइटमध्ये मी बाण दिलाय ना, तो दाबायचा.”

“आनि गिऱ्हाइकाला ते कोन सांगनार? एक बाई हाय. गुडघे पार गेलेत बिचारीचे. आपली नवी तीन नंबरची खोली बिनपायरीची हाय, हे सोता बघितल्याबिगर ती यायची न्हाय. लिंक पाठवते, तर पयलंच पान उघडतं नि तिला घराचा पुढचा जिनाच दिसतो. मागे जायला बटण दाबते, तर थेट साइटच्या बाहेर!”

“मग फोटो पाठवा की.”

“सुट्या फोटोवर भरवसा न्हाय तिचा, कुठल्याबी खोलीचा असंल म्हनते. लय संशयी!”

एका बाईसाठी केवढा हा आटापिटा! अमिषा मनातल्या मनात चरफडली. पण खोट आपल्याच कामात आहे, हे तिला पुरतं कळत होतं. अख्खी साइट एकाच पानात बसवलेली. कुठलीही खोली उघडा, वरचा पत्ता तोच. मग त्या खोलीची लिंक जाणार कशी? ब्राउझरच्या लेखी पाहुणा अजून उंबऱ्यातच उभा. मागे म्हटलं की तो सरळ रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी जेवणखाण बाजूला सारून ती कामाला बसली. प्रत्येक खोलीला तिचा तिचा पत्ता दिला. पाहुण्याचं एकेक पाऊल ब्राउझरच्या लक्षात राहील, अशी सोय केली. सगुणाबाईंनी पाच वेळा मागे-पुढे करून बघितलं, गालात हसल्या आणि लिंक धाडली.

चहाला उकळी यायच्या आत अमिषाचाच फोन वाजला. पालीहून तिची आई बोलत होती.

“अगो, तीन नंबर बघितली. खरंच एक पायरी न्हाय! न्हाणीघर बघितलं, मागे आले, तर नीट खोलीतच आले.”

अमिषाने चहाखालचा गॅस बंद केला. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आई इथे एक रात्रही राहिली नव्हती.

“लेकीच्या सासरी मुक्काम करायचा न्हाय, अशी आपली रीत. आधी ती सांगितली, मग गुडघे सांगितले. पण तुझी सासू ऐकते कुठे? म्हणते, विहीणबाई म्हणून नको, तर गिऱ्हाईक म्हणून या. आता येऊ का गो चार दिवस?”