धरणाखाली कोण राहतं?

"लेनाआयाला त्या घरातून कुणी उठवायचं नाही, अलीडा. मी शब्द दिलाय."

नवऱ्याला, फानीला जाऊन वर्षं लोटली, तरी त्याचा तो आवाज अलीडाच्या कानातून जात नव्हता. आज ती त्यानेच बांधलेल्या मातीच्या धरणावर उभी होती. शेजारी तपासणीला आलेला इंजिनिअर. खाली ओढ्याकाठी लेनाआयाचं पांढरं घर. खिडक्यांना पडदे नाहीत, धुराडं थंड.

तपासणीच्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या त्या खोऱ्यातले सगळे बागवाले हेच करत, धरणाखालचं घर रिकामं दाखवत. खाली माणूस झोपत असेल तर धरण धोक्याच्या वर्गात जातं. कुणी नसेल तर तीच भिंत, तीच ओल, पण कागदावर धोका नाही.

पडदे सकाळी लेनाआयाने स्वतःच काढले होते. लहानग्या फानीला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. "राहू द्या मालकीणबाई, मी काढते. नसल्यासारखं असायची मला जन्माची सवय," ती हसत म्हणाली. "मागल्या खेपेला चर्चमध्ये बसवलंत, आता बहिणीकडे धाडताय. तुमच्या धरणापायी माझी हवापालट होते बघा!"

अलीडाला हसू आलं नाही. सकाळची प्रार्थनाही तिने आज कशीबशी उरकली होती.

"पायथ्याशी पाणी झिरपतंय," इंजिनिअर म्हणाला. "खाली राहतं का कुणी?"

खिडकीत जिरेनियमची कुंडी होती. तेवढी उचलायची म्हातारी विसरली होती. जाता जाता घातलेलं पाणी कुंडीखालून अजून ठिबकत होतं.

"राहते," अलीडा म्हणाली. "आमची आया."

त्याने सुस्कारा सोडला. "कशाला बोललात, बाई? आता दोनच वाटा. भिंत दुरुस्त होईस्तोवर पायथ्याचा नळ उघडून धरण रिकामं ठेवा, नाहीतर म्हातारीला हलवा. सगळे म्हातारीलाच हलवतात. उन्हाळा तोंडावर आलाय, सफरचंदं काय वाऱ्यावर पोसणार?"

त्याची गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली, तेव्हा अलीडा खाली उतरली. लेनाआयाचं दार उघडून घडी घातलेले पडदे तिने एकेक करून पुन्हा लावले. मग नळाचं चाक फिरवायची लोखंडी दांडी खांद्यावर टाकली, आणि थकल्या पावलांनी धरणाच्या पायथ्याकडे निघाली.