बटईचा साहेब

"मंजूर असेल तर हात वर करा," सीईओ हिमांशू खुर्चीतून उठून म्हणाला आणि गोदामात सतरंजीवर बसलेल्या भागधारकांचे हात भराभर वर गेले. सुलोचनाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, ते मांडीवरच राहिले.

अर्जुनी मोरगावकडच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली ही राईस मिल. धान त्यांचं, कंपनी त्यांची, भागधारकही तेच. ठराव साधा होता. बॉयलरच्या गळक्या नळ्या बदलायचं काम या मार्चमध्ये करायचं नाही, पुढच्या वर्षावर ढकलायचं. खर्च टळला की नफा फुगणार, लाभांश वाढणार आणि नफ्यात वाटा असलेल्या हिमांशूचंही चांगभलं होणार. तो वाटा गावानेच दिला होता, मोठ्या हौसेने. वावर बटईने, पिकातल्या वाट्यावर कसायला दिलं की बटईदार जीव ओतून राबतो, तसा साहेबही राबेल, असा सगळ्यांचा कयास. साहेब राबलाही, खोटं कशाला बोला.

"वहिनी, हात?" अध्यक्ष केवलराम म्हणाले. ते सुलोचनाबाईंचे चुलत दीर. "सर्वानुमते लिवाचं आहे."

"नोका लिवू."

"तुमालेबी लाभांश भेटनार हाये ना."

"भेटन. पर बॉयलरवर माहा पोट्टा हाये, भाऊजी. तुमचा पुतन्या हाये."

केवलराम टेबलाकडे पाहू लागले. हिमांशू मात्र हसला. हसत बोलायची त्याची रीतच होती. "ताई, चंद्रकुमार की चिंता मत करो. थोडं लीकेज आहे, बस. एक सीझन आरामात निघेल. आपल्याला शेवटी शेअरहोल्डरचं हित पाहावं लागतं."

सुलोचनाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चंद्रकुमारच्या दंडावरचं वाफेने सोललेलं कातडं त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. त्या ताडकन उठल्या.

"साहेब, बटईदार वावराचा बांध नाई फोडत. पुढच्या साली त्यालेच रोवाचं रायते. तुमी पुढच्या साली कुठी रायनार?"

हिमांशूचं हसू विरलं. रायपूरच्या मोठ्या कंपनीत त्याचं ठरलंय, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बोलून मात्र कुणी दाखवलं नव्हतं.

"बसा वहिनी," केवलराम हळूच म्हणाले. "बहुमत झालं."

"झालं ना. मले मान्य हाये. फक्त हात इथं नाई, तिथं वर करा."

एवढं बोलून त्यांनी पदर खोचला, हिमांशूची गादीची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि तरातरा बाहेर चालू लागल्या. अडवायला सगळ्यांचे हात मोकळे होते. तोंड कुणालाच नव्हतं.

बॉयलरच्या खोलीत भुशाचा जाळ भडकला होता. नळीच्या सांध्यातून वाफ फसफसत होती. भट्टीत भुसा लोटणाऱ्या चंद्रकुमारने वळून पाहिलं.

"आई, तू काऊन आली इथं?"

"सभा हाये."

त्यांनी खुर्ची बॉयलरला खेटून ठेवली आणि आपण शेजारी भुशाच्या पोत्यावर बसल्या. धग गालाला झोंबत होती. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण पोरगा रोज आठ-आठ तास इथे उभा राहतो, मग आपल्याला काय धाड भरली आहे? जागचं हलायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

बाहेर चपलांचे आवाज आले. सगळे भागधारक आले, पण दाराशी येऊन थबकले. केवलरामांनी एक पाऊल आत टाकलं आणि वाफ पाहून मागे घेतलं. गर्दीतून वाट काढत हिमांशू पुढे आला. त्याचाही पाय उंबऱ्यावरच अडला.

सुलोचनाबाईंनी खुर्चीवर बसलेली राख पदराने झटकली.

"या साहेब, बसा," त्या म्हणाल्या. "आन् आता करा हात वर."