शालिग्रामची मिशी

जलंबला गाडी बदलल्यापासून शालिग्रामनं तोंडावरचा रुमाल काढला नव्हता. समोरच्या म्हातारीला वाटलं, पोराची दाढ दुखते. तिनं कनवटीची लवंग काढून दिली. त्यानं ती मुकाट्यानं दाढेखाली धरली. आता खरं काय ते त्या माउलीला कसं सांगणार? रुमालाखाली दुखत काहीच नव्हतं. फक्त मिशी नव्हती.

मिशी नसणं म्हणजे काही खून नव्हे. पण त्याच्या बापाच्या, उकंडरावांच्या घरात तो खुनाच्या बरोबरीचाच गुन्हा होता. बाप जिवंत असताना पोरानं मिशी उतरवायची नाही. ती उतरायची बाप गेल्यावर. चार वर्षांपूर्वी नागपूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि शालिग्राम मँचेस्टरच्या विद्यापीठात कापडाचं शास्त्र शिकायला निघाला. तेव्हा खामगावच्या ठेसनावर उकंडरावांनी एवढंच बजावलं होतं, "तिकडं काय खायचं ते खाजो, काय नेसायचं ते नेसजो. पण मी जिता हाओ तोवर मिशीले वस्तरा लागू देऊ नको."

आणि बिचाऱ्यानं ते पाळलंही! वर्गात सगळी तुळतुळीत तोंडं, त्यात याची एकट्याची झुबकेदार वऱ्हाडी मिशी. पोरं टिंगल करायची. न्हावी दर खेपेला वस्तरा पुढं करायचा आणि हा सांगायचा, "नको, माझे वडील जिवंत आहेत." पहिल्यांदा तर न्हाव्यानं त्याचं अभिनंदनच केलं. घरमालकीण मात्र शहाणी बाई. रीत समजल्यापासून ती रोज सकाळी चहा ओतताना त्याच्या तोंडाकडं बघायची आणि म्हणायची, "मिशी जागेवर आहे. म्हणजे वडील बरे आहेत!" तिच्या त्या थट्टेवर त्याचा दिवस चांगला जायचा.

बाकी दिवसांत गोड असं काय होतं? धुकं, कोळशाचा धूर आणि उकडलेले बटाटे. भाकरी-ठेच्याची आठवण आली की जीव कासावीस व्हायचा. प्रयोगशाळेत नवी गासडी फोडली की तो मूठभर रुई उचलून नाकाशी धरायचा. प्रोफेसरांना वाटायचं, पोरगा धागा तपासतोय. तो आपला डोळे मिटून घरच्या ओसरीत, कापसाच्या ढिगाशेजारी जाऊन बसलेला असायचा. झोपण्याआधी आरशात बघून मिशीला पीळ द्यायचा. तेवढ्यापुरता त्याला आरशात बाप दिसायचा, मग झोप यायची.

एवढं सगळं सांभाळलं आणि माती खाल्ली ती परतीच्या जहाजावर. एडन सोडल्यावर बरोबरचे दोघंतिघं विद्यार्थी त्याला डिवचायला लागले. "विलायतेतून असाच परत चाललास? गावाला वाटेल, मलकापूरच्या बाजाराला जाऊन आला." शालिग्राम आधी हसला. मग चिडला. आणि चिडण्याच्या भरात एका सकाळी त्यानं वस्तरा फिरवला. आरशात बघितलं आणि आरसाच पालथा घातला. मुंबईला उतरल्यावर तो इकडंतिकडं कुठं थांबलाच नाही. खाली मान घालून धक्क्यावरून निघाला तो थेट रेल्वेत जाऊन बसला.

खामगावला हिंमतमामा घ्यायला आला होता. आईचा भाऊ. त्याच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. आता हा भर ठेसनावर आपला उद्धार करणार, असं धरूनच शालिग्रामनं रुमाल काढला. मामानं त्याच्या ओठाकडं बघितलं. बघतच राहिला. मग त्यानं पुढं होऊन भाच्याला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडायला लागला.

शालिग्रामलाही राहवेना. चार वर्षांत कोणी असं जवळ घेतलं नव्हतं. तोही पोटभर रडला.

"चाल बापा," मामा उपरण्यानं डोळे पुसत म्हणाला. "तुही माय कधीची वाट पाहून राह्यली."

मामाची दोन बैलांची दमणी गावाच्या वाटेला लागली. समोरून कापसाच्या बैलबंड्या जिनिंग कारखान्याकडं चालल्या होत्या. बाभळींना रुईचे पुंजके अडकले होते. तूर शेंगांवर आली होती. शालिग्राम सगळं डोळे भरून बघत होता. पण बापाचं नाव काढायची हिंमतच होईना. मामा बैल हाकत होता. वाटेत शेजारचा कडूबा भेटला. त्यानं बंडी थांबवली, खाली उतरला, शालिग्रामच्या तोंडाकडं बघितलं आणि नुसता पाठीवरून हात फिरवून गेला.

काय ही आपली माणसं! शालिग्रामचा ऊर भरून आला. तिकडं मिशी ठेवली म्हणून लोक हसले, इथं काढली तरी कोणी वाकडा शब्द बोललं नाही. गावची चिंच दिसायला लागली तसा त्याला धीर आला.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही कोणी काही बोलले नाही, हे तुमचं मोठेपण. पण बाबा काही मले सोडणार नाहीत. जहाजावर बुद्धी फिरली माही. मी जातो आन् सरळ पाय धरतो त्यायचे. तुम्ही फक्त माह्याजवळ उभे राहा."

मामानं कासरा ओढला. बैल थांबले. तो वळला आणि भाच्याच्या तोंडाकडं नव्यानंच बघायला लागला.

"म्हंजे तुले मुंबईले तार नाही भेटली?" त्यानं विचारलं. "मंग ही मिशी तू कायले काढली रे, पोरा?"