न उघडलेले बाबा

शहराच्या स्मृतिकोशातल्या जुन्या फायली साफ करणारा पास्कल या संगणकभाषेतला प्रोग्राम मृणालिनीनंच लिहिला होता. फोटो असो, गाणं असो की मेलेल्या माणसाचं जपलेलं मन, सगळ्यांना सरसकट लागू होणारी एकच जेनेरिक प्रोसीजर. ही प्रोसीजर प्रत्येक फाइल शेवटची कधी उघडली ते वाचायची आणि वर्षभर कुणी उघडली नसेल तर पुसून टाकायची. त्यात तिच्या वडिलांचं मनही गेलं.

"आई, बाबा पुसले गेले. माझ्याच प्रोग्राममुळे," घरी येऊन तिनं सांगितलं. "मला वाटलं, तू बोलत असशील त्यांच्याशी."

आई म्हणाली, "रोज स्मृतिकोशात त्यांच्या नावापाशी जाऊन बसायचे गं. उघडायचा धीर व्हायचा नाही."

नुसतं बसणं प्रोग्रामला कळत नव्हतं. मृणालिनी तर तेवढंही बसली नव्हती.