तसलीच गाडी

बॅगेची चेन करकरली, तशी घरातली शांतता मोडली. उद्या स्वप्नाली नवऱ्याला स्वतःची एक किडनी देणार होती.

तेवढ्यात दारातली सासऱ्यांची, आण्णांची गाडी धडधडली. एके काळी नंबर लावून, पेढे वाटून घेतलेली. कंपनीनंच गाशा गुंडाळला आणि पार्ट मिळेना, म्हणून कधीची बंद पडलेली.

"बघितलंस?" आण्णा छोट्या भैरवीला म्हणाले, "गारगोटीच्या पावण्यांकडं तसलीच गाडी हुती, चांगली चालू. तिचा पंप काढून हिला बसवला की! उद्या तुझ्या आईबाबांना हिच्यातनंच दवाखान्यात न्यायचं."

भैरवीनं आईची ओढणी ओढली.



"आई, मग ती पावण्यांची गाडी आता चालत न्हाय व्हय?"